सबव्हॉल्यूमची रचना व जोडणी : गणेशपुरी परिसरातील बोली-संग्रहाच्या निमित्ताने

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे गाव तानसा नदीच्या खोऱ्यात वसले असून गरम पाण्याच्या कुंडांमुळे, भीमेश्वराच्या देवळामुळे आणि १९६१ साली तेथे समाधिस्थ झालेल्या नित्यानंद स्वामींमुळे ते सर्वत्र परिचित आहे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र या परिसराचे महत्त्व निराळ्या कारणासाठी आहे. वारली, कातकरी, आगरी, कुणबी अशा समाजांच्या बोली येथे थोडक्या अंतरात ऐकू येतात. केरळातून आलेल्या स्वामींच्या मागे कन्नड, मलयाळम व गुजराती भाषिक भक्तांची ये-जा सुरू झाली. तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या भिवंडीत तर यंत्रमागांच्या आश्रयाने उर्दू व तेलुगू या भाषाही नांदत आहेत. अशा प्रदेशात बोलींचे ध्वनिमुद्रण करू लागणाऱ्या विद्यापीठीय विभागापुढे व्याकरणाचे प्रश्न उभे राहण्यापूर्वीच एक साधा व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : जमलेली सामग्री ठेवायची कशी?

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. अ. मा. घाटगे यांची मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकमाला १९६३ पासून निघू लागली. त्या काळी संग्रह म्हणजे छापील खंड होता. तो एकदा बांधला म्हणजे त्यातील मजकूर जागचा हलत नसे. आज सामग्री ध्वनिफितींच्या रूपाने संगणकात साठते. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यातील नमुने ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहेत. छापील खंडाला नसलेला एक गुण या सामग्रीला आहे, तो म्हणजे ती क्षणात बदलता येते. हाच गुण तिचा सर्वांत मोठा धोकाही आहे. या धोक्याचे निवारण आधुनिक फाइल-व्यवस्थेतील ‘सबव्हॉल्यूम’ या सोयीने कसे करता येते, आणि तिची रचना चुकल्यास कोणता अनर्थ ओढवतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. संज्ञेचा विचार

इंग्रजी ‘व्हॉल्यूम’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘गुंडाळी’ असा आहे. लिखित पटाची गुंडाळी, पुढे बांधलेला ग्रंथ, आणि विसाव्या शतकात चुंबकीय फितीचे रीळ अथवा डिस्क, असा या शब्दाचा प्रवास झाला. मराठीत आपण त्यासाठी ‘खंड’ हा शब्द योजतो. पण ‘खंड’ या शब्दाच्या मुळाशी तोडण्याची कल्पना आहे. शिवाय ‘सबव्हॉल्यूम’चे ‘उपखंड’ असे भाषांतर केल्यास वाचकाच्या मनात भारतीय उपखंड उभा राहणार, हे उघड आहे. ‘उपविभाग’ म्हणावे तर डिस्कचे भाग पाडण्याच्या जुन्या पद्धतीशी गल्लत होते, आणि सबव्हॉल्यूमचे वैशिष्ट्य नेमके हे आहे की त्यात डिस्कचे भाग पाडलेच जात नाहीत. म्हणून या लेखात ‘सबव्हॉल्यूम’ हा शब्द आहे तसाच ठेवला आहे.

‘माउंट करणे’ या प्रयोगाचा उगमही फितीच्या रिळात आहे. यंत्रचालक रीळ यंत्रावर चढवी, तेव्हा त्यातील मजकूर वाचता येई. युनिक्स या प्रणालीने ही कल्पना पुढे नेली. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या युनिक्सविषयक निबंधात तिचे वर्णन आहे. त्या प्रणालीत सर्व फोल्डरांचा एकच वृक्ष असतो, आणि कोणतीही नवी डिस्क त्या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर कलमासारखी बसविली जाते. मराठीत यासाठी ‘जोडणे’ हे साधे क्रियापद पुरेसे आहे.

२. सबव्हॉल्यूम म्हणजे काय

येथे ज्या फाइल-व्यवस्थेचा विचार केला आहे तिचे नाव ‘बीटीआरएफएस’. तिचे काम ऑरॅकल कंपनीत ख्रिस मेसन यांनी २००७ साली आरंभिले. आयबीएमचे ओहाद रोदेह यांनी त्याच वर्षी मांडलेली एक वृक्षरचना तिच्या मुळाशी आहे. २००९ साली ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली, आणि २०२० साली फेडोरा या लिनक्स-प्रणालीने व्यक्तिगत संगणकांसाठी तिचा प्रथमपसंतीने स्वीकार केला. सन मायक्रोसिस्टिम्सच्या ‘झेडएफएस’ या व्यवस्थेत अशीच कल्पना त्याआधी, २००५ साली, उपयोगात आलेली होती.

जुन्या पद्धतीत एका डिस्कचे ठरावीक आकाराचे भाग पाडीत. शंभर गिगाबाइट ध्वनिमुद्रणांना, पन्नास लेखी सामग्रीला, अशी वाटणी आरंभीच करावी लागे. ध्वनिमुद्रणांची जागा भरली म्हणजे शेजारच्या भागात कितीही जागा मोकळी असली तरी तिचा उपयोग होत नसे. ही भावाभावांची वाटणी झाली. सबव्हॉल्यूमची तऱ्हा एकत्र कुटुंबासारखी आहे : चुली वेगळ्या, पण कणगी एक. प्रत्येक सबव्हॉल्यूमचा फाइलींचा वृक्ष स्वतंत्र असतो, परंतु मोकळी जागा सर्वांची सामाईक असते. म्हणूनच कोणत्याही सबव्हॉल्यूममधून मोकळ्या जागेची चौकशी केली तरी उत्तर एकच येते. एखाद्या चुलीने कणगी रिकामी करू नये अशी इच्छा असेल तर प्रत्येकीला मर्यादा घालून देता येते, पण ती मर्यादा पुढे बदलता येते.

बाहेरून पाहता सबव्हॉल्यूम साध्या फोल्डरसारखाच दिसतो. त्याचे वेगळेपण तीन गोष्टींत प्रकट होते. पहिली, त्याला स्वतःचा एक क्रमांक असतो. फाइल-व्यवस्था निर्माण होताच जो मूळ सबव्हॉल्यूम तयार होतो त्याचा क्रमांक ५ असतो, व नंतर निर्माण होणाऱ्यांचे क्रमांक २५६ पासून सुरू होतात. दुसरी, तो एखाद्या स्वतंत्र डिस्कप्रमाणे हव्या त्या ठिकाणी जोडता येतो. तिसरी, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, त्याचा ‘स्नॅपशॉट’ घेता येतो.

स्नॅपशॉट म्हणजे सबव्हॉल्यूमची त्या क्षणाची स्थिती. तो घेताना मजकुराची नक्कल केली जात नाही. मूळ सबव्हॉल्यूम व स्नॅपशॉट हे दोघेही त्याच साठ्याकडे बोट दाखवितात. पुढे मूळ फाइलीत बदल झाला म्हणजे बदललेला भाग नव्या जागी लिहिला जातो व जुना भाग स्नॅपशॉटसाठी तसाच राहतो. त्यामुळे स्नॅपशॉट क्षणार्धात तयार होतो, आरंभी जवळजवळ जागा खात नाही, आणि मूळ सामग्री जसजशी बदलत जाईल तसतशी त्याची जागा वाढत जाते.

३. सीमारेषा कोठे आखावी

आता एक कल्पित प्रसंग घेऊ. एका विभागाने गणेशपुरी, वज्रेश्वरी व अकलोली या भागात १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, व दोन वाहिन्या, असे प्रमाण धरल्यास एका तासाला सुमारे १.०४ गिगाबाइट, म्हणजे एकूण सुमारे १२४ गिगाबाइट जागा लागते. त्याखेरीज लिप्यंकने, शब्दकोशाच्या नोंदी, निवेदकांची संमतिपत्रे, आणि विश्लेषणाच्या ओघात निर्माण होणाऱ्या तात्पुरत्या फाइली. हे सारे एकाच सबव्हॉल्यूममध्ये, निरनिराळ्या फोल्डरांत, नीट लावून ठेवलेले आहे. रोज सकाळी नऊ वाजता त्याचा स्नॅपशॉट घेतला जातो.

एके दिवशी दुपारी एका वृद्ध निवेदिकेचे तीन तासांचे नवे ध्वनिमुद्रण संगणकात उतरविले जाते व मुद्रणयंत्रातील कार्ड दुसऱ्या दिवसाच्या कामासाठी रिकामे केले जाते. चार वाजता एक विद्यार्थी लिप्यंकनांतील अनावश्यक चिन्हे काढून टाकण्यासाठी सर्व फाइलींवर एकच आज्ञा चालवितो, आणि त्या आज्ञेने अक्षरांखालचे नुक्तेही निघून जातात. मराठीत ‘जग’ हे नाम तालव्य ज-काराने उच्चारले जाते, तर ‘जगणे’ या धातूचे ‘जग’ हे आज्ञार्थी रूप दंत्य ज-काराने. शिष्टलेखनात हा भेद दाखवीत नाहीत. लिप्यंकनात तो नुक्त्याने दाखविलेला असतो. नुक्ता गेला की वर्षभराच्या श्रवणाचे फळ गेले.

सकाळचा स्नॅपशॉट आहे, तेव्हा तो परत आणावा, असे कोणालाही सुचेल. पण तो परत आणला की संग्रह सकाळी नऊच्या स्थितीला जातो, आणि दुपारी उतरविलेले तीन तासांचे बोलणे चालू संग्रहातून नाहीसे होते. बिघडलेल्या फाइलीच तेवढ्या निवडून परत घेता येतात, हे खरे. परंतु त्यासाठी कोणत्या फाइली बिघडल्या व कोणत्या दिवसभरात योग्य रीतीने सुधारल्या गेल्या हे ठाऊक असावे लागते, आणि घाईत नेमके तेच कोणाला ठाऊक नसते.

येथे दोष स्नॅपशॉटचा नाही, सीमारेषेचा आहे. ज्या गोष्टी एकत्र मागे जाव्यात त्या एका सबव्हॉल्यूममध्ये असाव्यात, आणि एकीला मागे नेताना दुसरीने जाऊ नये अशा गोष्टी वेगवेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये असाव्यात. फोल्डर विषयानुसार लावले जातात. सबव्हॉल्यूम काळाच्या संबंधाने लावावे लागतात. या एका नियमातून पुढची सर्व रचना निष्पन्न होते.

ध्वनिमुद्रणे एकदा उतरविली की बदलत नाहीत. त्यांना लिप्यंकनांपासून वेगळे केले पाहिजे. लिप्यंकने व शब्दकोश हे विषय म्हणून भिन्न असले तरी ते एकत्रच ठेवले पाहिजेत. कोशातील प्रत्येक नोंद लिप्यंकनातील विशिष्ट ओळीचा हवाला देते. दोहोंपैकी एकच मागे गेले तर हवाले भलत्याच ओळींकडे जातील. शिवाय दोन सबव्हॉल्यूमचे स्नॅपशॉट एकापाठोपाठ घेतले तरी ते एकाच क्षणाचे नसतात. तात्पुरत्या फाइली स्वतंत्र ठेवून त्यांचा स्नॅपशॉट घेऊच नये, कारण रोज पुसल्या जाणाऱ्या फाइली स्नॅपशॉटमध्ये अडकल्या तर जागा मोकळी होत नाही.

संमतिपत्रांची नोंद हा सर्वांत नाजूक भाग होय. एखाद्या निवेदकाने सोमवारी संमती मागे घेतली आणि मंगळवारी रविवारचा स्नॅपशॉट परत आणला गेला, तर त्या नोंदीत संमती पुन्हा ‘दिलेली’ दिसू लागेल. म्हणून ही नोंद कधीही मागे न जाणाऱ्या स्वतंत्र सबव्हॉल्यूममध्ये असावी. तिचे स्नॅपशॉट घेण्यास हरकत नाही. पण ते पडताळणीसाठी असावेत, परत आणण्यासाठी नव्हेत.

४. घरट्यातील घरटे

एका सबव्हॉल्यूमच्या पोटात दुसरा निर्माण करता येतो, आणि नवख्या माणसाला ती रचना सोयीची वाटते. ‘लिप्यंकन’ या सबव्हॉल्यूममध्ये ‘ध्वनी’ हा सबव्हॉल्यूम ठेवला की दोन्ही गोष्टी जवळ राहतात, शिवाय आतला वेगळा जोडावाही लागत नाही. परंतु स्नॅपशॉट सबव्हॉल्यूमच्या सीमेशी थांबतो. बाहेरच्याचा स्नॅपशॉट घेतला तर आतल्याच्या जागी फक्त एक रिकामा फोल्डर दिसतो. ‘लिप्यंकन’चा स्नॅपशॉट घेणारा मनुष्य ध्वनिमुद्रणेही सुरक्षित झाली असे समजून निर्धास्त राहतो, आणि गरज पडते त्या दिवशी त्याला रिकामा फोल्डर सापडतो.

यासाठी सपाट रचना अधिक हितावह ठरते. ५ क्रमांकाच्या मूळ सबव्हॉल्यूममध्ये प्रत्यक्ष सामग्री काहीच ठेवू नये. त्याच्या खाली एका ओळीत ‘ध्वनी’, ‘लिप्यंकन’, ‘संमती’, ‘तात्पुरते’ आणि ‘स्नॅपशॉट’ असे भाग असावेत. दैनंदिन कामात मूळ सबव्हॉल्यूम जोडूच नये. व्यवस्थापकाने त्याच्या कामापुरता तो जोडावा व काम झाल्यावर सोडवावा. मग चुकीच्या आज्ञेच्या टप्प्यात सारा संग्रह एकदम येत नाही, आणि जुने स्नॅपशॉट कोणाच्या नजरचुकीने पुसले जात नाहीत.

५. जोडणी : नाव आणि वस्तू

कोणता सबव्हॉल्यूम कोठे जोडावा हे ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीत लिहिलेले असते. तेथे एकेका सबव्हॉल्यूमसाठी एकेक ओळ असते : फाइल-व्यवस्थेची ओळखखूण, जोडण्याचे ठिकाण, आणि सबव्हॉल्यूमचे नाव अथवा क्रमांक. दोहोंपैकी काहीच न दिल्यास जो सबव्हॉल्यूम प्रमाणभूत म्हणून नेमलेला असेल तो जोडला जातो, आणि आरंभी तो मान मूळ सबव्हॉल्यूमकडे असतो.

नाव द्यावे की क्रमांक, हा प्रश्न भाषाभ्यासकाला परिचित वाटेल. क्रमांक हा वस्तूला चिकटलेला असतो, तर नाव हे स्थानाला. लिप्यंकने बिघडली असता व्यवस्थापक बिघडलेल्या सबव्हॉल्यूमचे नाव बदलून ‘लिप्यंकन-बिघडलेले’ असे करतो, व चांगल्या स्नॅपशॉटपासून लिहिता येण्याजोगा नवा स्नॅपशॉट घेऊन त्याला ‘लिप्यंकन’ हे नाव देतो. जोडणी नावाने असेल तर ती सोडवून पुन्हा केल्यावर चांगली प्रत पुढे येते. ती क्रमांकाने असेल तर नाव बदलूनही बिघडलेलीच वस्तू पुन्हा समोर उभी राहते. गादी तीच, बसणारा बदलला, हा व्यवहार साधायचा असेल तर नावाने जोडावे. विशिष्ट वस्तूच हवी असेल तर क्रमांकाने.

जोडणीच्या वेळी काही अटी घालता येतात. ‘ध्वनी’ केवळ वाचण्यापुरता जोडावा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातून मूळ मुद्रणात बदल होणार नाही. मात्र ही अट दाराची आहे, खोलीची नाही. तोच सबव्हॉल्यूम दुसऱ्या ठिकाणी लिहिण्याच्या मुभेसह जोडता येतो. खोलीलाच कुलूप घालायचे असेल तर सबव्हॉल्यूमचा केवळ-वाचनाचा गुणधर्म लावावा लागतो. याउलट, मजकूर दाबून लहान करण्यासारख्या कित्येक अटी दाराच्या वाटल्या तरी साऱ्या वाड्याच्या असतात. पहिल्या जोडणीच्या वेळी जे सांगितले तेच त्या फाइल-व्यवस्थेतील सर्व सबव्हॉल्यूमना लागू होते.

६. स्मरण आणि विस्मरण

स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, हे निक्षून सांगणे अवश्य आहे. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की मूळ व स्नॅपशॉट दोन्ही जातात. व्यवस्था प्रत्येक मजकुराची पडताळणी-संख्या ठेवते, त्यामुळे झिजलेल्या डिस्कवरील बिघाड तिच्या ध्यानात येतो. पण दुसरी प्रत असेल तरच तो दुरुस्त होतो. केवळ-वाचनाचा स्नॅपशॉट ‘सेंड’ या आज्ञेने दुसऱ्या डिस्ककडे पाठवून ‘रिसीव्ह’ने तेथे उतरविता येतो. दोहोंकडे आधीचा एक समान स्नॅपशॉट असेल तर पुढच्या वेळी फक्त फरक पाठविला जातो. अशी एक डिस्क दुसऱ्या इमारतीत असावी.

याची दुसरी बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. उपरोल्लेखित वृद्ध निवेदिकेने उद्या आपले बोलणे पुसून टाकावे असे सांगितले, तर ते पुसणे हे विभागाचे कर्तव्य आहे. चालू सबव्हॉल्यूममधून फाइल काढली तरी जितक्या स्नॅपशॉटमध्ये ती आलेली असेल तितक्या ठिकाणी तिचा आवाज शिल्लकच राहतो. स्नॅपशॉट केवळ वाचता येतात. त्यांतून एकच फाइल काढावयाची तर त्यांचे कुलूप उघडावे लागते, आणि मग पुढच्या फरकांसाठी ते विश्वसनीय राहत नाहीत. सगळे स्नॅपशॉट मोडावेत तर इतर सर्व निवेदकांचा इतिहासही त्याबरोबर जातो.

म्हणून ‘ध्वनी’ हा एक सलग सबव्हॉल्यूम न ठेवता तो साधा फोल्डर करावा आणि त्यात प्रत्येक निवेदकासाठी एक सबव्हॉल्यूम निर्माण करावा. दोघांचे संभाषण असेल तर त्यासाठीही वेगळा. प्रत्येकाचा स्नॅपशॉट स्वतंत्रपणे घ्यावा लागेल, पण ते काम एका छोट्या आज्ञावलीने होते. मग एका व्यक्तीचा सबव्हॉल्यूम, त्याचे स्नॅपशॉट व दुसऱ्या डिस्कवरील प्रती काढून टाकल्या की इतर कोणाच्याही सामग्रीला धक्का न लागता त्या व्यक्तीचे मुद्रण संग्रहातून जाते. तिच्या बोलण्याच्या लिप्यंकनाचा प्रश्न मात्र उरतोच. ते कोशाशी गुंतलेले असल्यामुळे तेथे जुने स्नॅपशॉट मोडण्याची किंमत विभागाला द्यावी लागेल. ती किती द्यावी लागेल हे लिप्यंकनाचे स्नॅपशॉट किती काळ ठेवायचे यावर अवलंबून आहे, आणि तो काळ ठरवून निवेदकाला संमती घेतानाच सांगणे हे प्रामाणिकपणाचे होईल.

यावरून दिसून येईल की सबव्हॉल्यूमची रचना हे केवळ संगणक-व्यवस्थापकावर सोपविण्याचे काम नव्हे. कोणती सामग्री कोणाबरोबर मागे जावी, कोणती कधीच जाऊ नये, आणि कोणती मागितल्यास समूळ पुसता यावी, हे प्रश्न संशोधकाचे आहेत, आणि आज्ञा लिहिली जाते ती त्यांच्या उत्तरानंतर. साधा फोल्डर मागाहून सबव्हॉल्यूममध्ये थेट बदलता येत नाही. नवा सबव्हॉल्यूम निर्माण करून त्यात सामग्री हलवावी लागते, आणि आधी घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये जुनी रचना तशीच राहते. त्यामुळे ही आखणी क्षेत्रकार्याला निघण्यापूर्वी, प्रश्नावली तयार करतानाच, कागदावर उतरलेली असावी.